दोन सीलबंद कार्ट्रिज

आमचा प्रिंटर बिघडला नव्हता. त्याने स्वतःच स्वतःला मृत जाहीर केलं. कागद ओढत होता, अक्षर खणखणीत येत होतं, पण एका सकाळी संगणकाच्या पडद्यावर चौकट उगवली: शाई शोषणारा पॅड भरला आहे, सेवाकेंद्राशी संपर्क साधा. इंकजेटच्या पोटात स्पंजची एक गादी असते. 'हेड क्लीनिंग'च्या नावाखाली तो आपली महागडी शाई त्या गादीत ओततो आणि किती ओतली याचा हिशेब ठेवतो. हिशेब भरला की काम बंद. गादी खरोखर किती भिजली हे कुणी बोट लावून बघत नाही, सगळं अंदाजपंचे. सौ. घरी दहावीच्या शिकवण्या घेते. तिच्या प्रश्नपत्रिकांना लागली नसेल इतकी शाई त्या गादीने प्यायली असणार, असा माझा जुना संशय आहे.

"काउंटर मागंच रिसेट मारून दिलेला की काका," दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला. "आता परत मारला तर शाई खालनं टेबलावर येणार."

म्हणजे नवा घेणं आलं. पण कपाटात जुन्याच्या दोन सीलबंद कार्ट्रिज होत्या, एक काळी आणि एक रंगीत. मॉडेल बंद होतंय अशी कुणकुण लागल्यावर सौ.ने धान्यासारखी साठवण केलेली. दोन्हींची किंमत मिळून प्रिंटरच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त.

"नवा घ्या, पण ह्याच बसणारा घ्या," तिने फर्मान काढलं. नाल घरात आहे म्हणून घोडा आणायचा हे मी ऐकून होतो. इथे त्याची जातही नालेनेच ठरवलेली.

सांगलीत मारुती रोडपासून विश्रामबागेपर्यंत प्रत्येक दुकानात मी ते खोके काउंटरवर ठेवलं. दुकानदार ते उलटसुलट करून, पुरातत्त्व खात्याच्या माणसाने नाणं परत द्यावं तसं परत द्यायचा. एकाने मात्र शेजारचा नंबर असलेली कार्ट्रिज काढून दाखवली. हुबेहूब तशीच!

"ही बसते त्याच्यात माझी बसेल की. एका आकड्याचा तर फरक."

"एका आकड्याचा म्हणजे?" तो म्हणाला. "आधार नंबर एका आकड्यानं चुकला तर चालतंय का?"

मग त्याने खाच दाखवली. खाच कानशीने तासता येईल, पण पुढे चिप आहे. चिप पटली नाही, तर शाई काठोकाठ असली तरी प्रिंटर ओळख देत नाही. आता या चिपेची महती बघा. २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कॅनन कंपनीला आपले काही टोनर (लेझर प्रिंटरची भुकटीची शाई) चिपेशिवाय विकावे लागले. यंत्रं कंपनीच्याच अस्सल मालाला नकली म्हणू लागली. शेवटी, सूचना आली तर दुर्लक्ष करून पुढे कसं जायचं, हे कंपनीनेच ग्राहकांना शिकवलं. हे मी दुकानदाराला ऐकवलं. "मग कॅननला सांगा की तुमची कार्ट्रिज बसवायला," तो म्हणाला.

अखेर मी साधा काळा-पांढरा लेझर घेतला. प्रश्नपत्रिकेला रंग लागतो कशाला? टोनरच्या खोक्यावर पानांचा आकडा मोठा होता. तो पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा होईल असं धरून काढतात म्हणे. हे माप ठरवणाऱ्याने मराठी शिरोरेषा पाहिली नसावी. आमच्याकडे 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा' इथेच निम्मा टोनर खर्ची पडायचा. वर भूमितीची वर्तुळं, त्यात छायांकित भाग.

राहिल्या त्या दोन कार्ट्रिज. दुकानदारालाच दया आली. "मिरजेत एका डॉक्टरसाहेबांच्याकडं तुमचंच मॉडेल आहे. त्यांना देऊन टाका, दुवा देतील."

गेलो. पेशंटांच्या रांगेत बसलो. नंबर आल्यावर मी पिशवीतून खोकी काढली. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता पैशांचं बोलणं होणार.

"अरे वा! म्हणजे तुमच्याकडे हाच आहे?" ते म्हणाले. "मी कधीपासून माणूस शोधतोय. आम्ही लेझर घेतला ना." त्यांनी कंपाउंडरला हाक मारली. तो आतून प्रिंटर घेऊन आला, पुसून, वायर गुंडाळून. ठणठणीत. मग डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला. "आणि हे पण न्या, आम्हाला आता काय उपयोग?" दोन कार्ट्रिज. सीलबंद.

मिरजेत डॉक्टरांनी दिलेलं नाकारायची रीत नाही. मांडीवर प्रिंटर, पायाशी पिशवी, असा मी वडापच्या जीपमधून सांगलीला आलो. शेजारच्या मावशींनी केवढ्याला पडला म्हणून विचारलंही.

सौ.ने दार उघडलं, प्रिंटर बघितला, पिशवीत डोकावून चारही खोक्यांवरचा नंबर ताडून घेतला.

"मिळतोय की ह्याच बसणारा," ती म्हणाली. "मग तो लेझर कशाला घेतलात?"