तीन मिलीमीटर रबर आणि मी

"पाणी 28 डिग्री आहे, वेटसूट कशाला हवाय?" असं, म्हणजे पाण्यात ऊब राखणारा तो रबरी पोशाख नको असं, ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं त्या सगळ्यांना एकदा रांगेत उभं करून त्याच पाण्यात 50 मिनिटं सोडायचंय मला. उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि मीपण शहाणा, टीशर्ट आणि हाफ पँटवर स्कूबा डायव्हिंगला पाण्याखाली गेलो. पहिली वीस मिनिटं स्वर्ग. मासे काय, प्रवाळ काय, मी काय! तिसाव्या मिनिटाला खांदे कानाशी गप्पा मारायला आले, चाळिसाव्याला तर मी रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र) दातात धरलाय की रेग्युलेटरने मला धरलंय तेच कळेना. इन्स्ट्रक्टरने खुणेने विचारलं, ओके? मी ओके करायला हात वर केला पण तो इतका लटलटत होता की त्याला वाटलं मी 'काहीतरी गडबड आहे' सांगतोय, कारण ती खूणच मुळी पंजा हलवून करतात. झालं, काढलं मला वर. शिवाय नडगीला काहीतरी चावरं लागलं होतं ते वेगळंच, चार दिवस खाजवत बसलो.

मग घरी येऊन वाचलं. पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं म्हणे. आपण आतून 37 डिग्री, पाणी 28. म्हणजे हाताला कितीही कोमट लागलं तरी ते पूर्ण वेळ तुमच्याकडून ऊब उसनी घेत असतं, आणि उसनं घेणाऱ्यांचा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे.

तर वेटसूट घ्यायचा ठरला. आता कुठला? एकजण म्हणाला नुसता लायक्राचा पुरतो, ऊन आणि जेलीफिश अडले म्हणजे बास. दुसरा म्हणाला शॉर्टी घे, म्हणजे आखूड हातापायांचा, तिसरा म्हणाला फुल 3 मिलीमीटर, आणि एक महाशय उष्ण कटिबंधातसुद्धा 5 मिलीमीटर घालतात कारण ते दिवसाला चार डाइव्ह मारतात आणि चौथ्या डाइव्हपर्यंत अंगातली थंडी साचत जाते. ते बरोबरच होतं त्यांचं. मला वाटलं मग जाडच घेऊ, पैसे वसूल! पण गंमत अशी की निओप्रीन म्हणजे गॅसचे बारीक बुडबुडे कोंडलेलं रबर, ते तुम्हाला बुचासारखं वर ढकलतं, मग खाली जायला कमरेला जास्त शिसं बांधा, आणि 10 मीटरवर दाब दुप्पट झाला की तेच बुडबुडे आक्रसतात, सूट पातळ होतो, ऊब कमी, तरंगणंही कमी, आणि कमरेचं शिसं मात्र जसंच्या तसं. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. 3 मिलीमीटर फुल, विषय संपला.

म्हणजे संपला असं वाटलं. साइझ चार्टप्रमाणे माझी छाती मीडियम, पोट लार्ज आणि पाय स्मॉल निघाले, म्हणजे कंपनीच्या हिशोबाने मी तीन वेगवेगळी माणसं आहे.

ट्रायल रूममध्ये दुकानातल्या पोराने आधी एक प्लॅस्टिकची पिशवी हातात दिली. म्हटलं एवढ्यात बिल? तर म्हणे, "सर, पायात घाला, सूट सरकतो." आणि खरंच सरकला हो! पण फक्त गुडघ्यापर्यंत. पुढे नखांनी ओढायचं नाही, फाटतो, बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर सारत न्यायचं. दहा मिनिटांनी बाहेरून बायको म्हणाली, "झालं का?" म्हटलं, "अर्धा." "अर्धा सूट की अर्धा तू?" यावर उत्तर द्यायला श्वास शिल्लक नव्हता. चेन पाठीला, तिला लांबलचक पट्टी, ती पकडायला मी शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखा गोल गोल फिरतोय. शेवटी दार उघडून पाठ केली तिच्याकडे. तिने एक गुडघा माझ्या कमरेला लावला आणि चेन ओढली. आरशात बघितलं तर बाइंडिंग केलेलं जाड पुस्तक.

पोराने मात्र परीक्षा सुरू केली. हात वर करा, उकिडवे बसा, मान फिरवा. मग पाठीच्या कण्यापाशी तळहात दाबला तर तिथे चांगला खळगा. म्हणाला, "सर, हा नाही चालणार." मी रडायच्या बेतात. पण तो बरोबर होता, कारण सूटमध्ये पाणी शिरतंच, ते तिथेच गप्प बसलं तर गरम राहतं, आणि असा खळगा असला की प्रत्येक हालचालीला भात्यासारखं जुनं पाणी बाहेर, नवं गार पाणी आत, थेट पाठीवरून. ढगळ 5 मिलीमीटरपेक्षा चपखल 3 बरा तो यासाठी. गळ्याशी मात्र फार घट्ट नको, नसा दाबल्या जाऊन चक्कर येते. दुसऱ्यात गळा आवळला, तिसऱ्यात काखेत पिशव्या, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ह्यू ब्रॅडनर नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हा वेटसूट शोधला, त्याआधी तो अणुबॉम्बच्या प्रकल्पात होता. तिसरा सूट उतरवताना मला ती संगती पूर्ण पटली.

चौथा बसला.

पहिल्या डाइव्हला 50 मिनिटं झाली तरी दात जागेवर! इन्स्ट्रक्टरला मी अशी काही ठणठणीत ओकेची खूण केली की तो बिचारा दचकला. (पाण्यात उतरलं की लघवी जास्त होते, किडन्यांचं ते शास्त्रच आहे, आणि चेन पाठीला. पुढचं विचारू नका. नंतर गोड्या पाण्यात दोनदा धुतला, सावलीत वाळवला.)

बोटीवर आलो. दुसरी डाइव्ह तासाभराने. सगळ्यांनी सूट कमरेपर्यंत उतरवून टॉवेल गुंडाळले. बायको म्हणाली, "काढ की, वाऱ्यात ओला बसलायस." म्हटलं वेडी आहेस का, एकदा काढला तर परत कोण घालणार? बसलो तसाच. बोट निघाली, वारा सुटला, कापडावरचं पाणी उडायला लागलं आणि जाताना अंगातली ऊब घेऊन जायला लागलं.

दहाव्या मिनिटाला इन्स्ट्रक्टरने लांबून विचारलं, ओके? मी हात वर केला. तो लटलटत होता.