‘गप्प बस, वेस्ली’ : त्या पोराची बाजू

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी विज्ञानमालिकेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. मालिका उत्तम, पण तो वेस्ली क्रशर नको होता. दर भागात तेवढं पोर जहाज वाचवणार, ते कधी चुकणार नाही, मोठी माणसं बघत बसणार. तो गेला आणि मालिका सुधारली. इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांत तर ‘वेस्ली क्रशर मरो, मरो, मरो’ अशा अर्थाचं नाव असलेला एक चर्चागटच होता. ही मालिका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाहून जास्त वेळा पाहिली आहे, आणि दर वेळी वाटतं, या मुलावर अन्याय झाला आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर १९८७ मध्ये मालिका सुरू झाली. वेस्ली हा एंटरप्राइज या अंतराळयानावरच्या डॉक्टर बेव्हर्ली क्रशर यांचा मुलगा. वडील जॅक क्रशर कॅप्टन पिकार्डच्या हाताखाली काम करताना गेले, आणि आता मायलेक त्याच पिकार्डच्या जहाजावर राहायला आले आहेत.

आधी ‘दर भागात जहाज वाचवतो’ हे घेऊ. पहिल्या वर्षी हे थोडंफार घडलं, ते नाकारत नाही. पण ज्या भागाचं उदाहरण नेहमी देतात तो ‘द नेकेड नाऊ’ नीट आठवून पाहा. जहाजावर दारू चढल्यासारखा आजार पसरतो, तो वेस्लीलाही होतो आणि इंजिनकक्ष बळकावून तो स्वतःच सगळ्यांना संकटात टाकतो. शेवटी त्याची युक्ती थोडा वेळ मिळवून देते खरी, पण इंजिन पुन्हा चालू करण्याचं काम डेटा हा जहाजावरचा यंत्रमानव अधिकारी करतो. ‘द गेम’ या भागाचंही तसंच. डोळ्यांवर चढवायचा एक खेळ सगळ्यांच्या मेंदूचा ताबा घेतो. तिथे वेस्ली पळतो, लपतो, पण शेवटी पकडला जातो आणि मोठी माणसं त्याला धरून जबरदस्तीने तो खेळ त्याच्या डोळ्यांवर चढवतात. सुटका होते ती पुन्हा डेटामुळेच.

‘कधी चुकत नाही’ हा आरोप तर मला सर्वांत जास्त खटकतो, कारण या मुलाच्या उत्तम कथा त्याच्या चुकांच्याच आहेत. ‘इव्होल्यूशन’मध्ये अभ्यास करता करता त्याला झोप लागते, प्रयोगातली अतिसूक्ष्म यंत्रं निसटतात आणि अख्खं जहाज धोक्यात येतं. ‘रिमेंबर मी’मध्ये त्याच्याच प्रयोगातून तयार झालेल्या, बुडबुड्यासारख्या वेगळ्या विश्वात त्याची आई अडकते. ‘कमिंग ऑफ एज’मध्ये तो अंतराळदलाच्या, म्हणजे स्टारफ्लीटच्या, अकादमीच्या प्रवेशपरीक्षेला बसतो आणि नापास होतो. त्या परीक्षेत एक प्रसंग मुद्दाम त्याच्यासाठी रचलेला असतो : दोन माणसं संकटात, वाचवता येईल एकालाच. वडिलांच्या वेळी पिकार्डला जे ठरवावं लागलं होतं, तेच या पोराला काही क्षणांत ठरवायला लावतात. घरी परतल्यावर पिकार्ड त्याला सांगतो, पहिल्या खेपेला मीही नापास झालो होतो, पण हे कुणाला सांगू नकोस.

आणि ‘द फर्स्ट ड्यूटी’. मार्च १९९२. वेस्ली आता अकादमीत आहे, पाच जणांच्या उड्डाणपथकात. बंदी घातलेली एक कसरत करताना जोशुआ अल्बर्ट हा त्यांचा साथीदार मरतो. पथकप्रमुख सगळ्यांना एकच खोटं बोलायला लावतो आणि दोष मेलेल्या मुलावर ढकलतो. वेस्लीही चौकशीत खोटं बोलतो. जोशुआचे वडील त्याच्यापुढे येऊन आपल्याच मुलाच्या चुकीबद्दल माफी मागतात, तेव्हाही तो गप्प राहतो. पिकार्डला सगळं कळल्यावर तो त्याला एकच सांगतो : तू बोल, नाहीतर मी बोलेन. वेस्ली अखेर बोलतो, पण त्याचं वर्ष जातं आणि जोशुआ काही परत येत नाही. हा भाग पाहून झाल्यावर या मुलाला कुणी ‘निर्दोष’ कसं म्हणू शकतं, मला कळत नाही.

मोठ्यांना मूर्ख दाखवलं, हे अंशतः खरं आहे. पण तो राग लिहिणाऱ्यांवर काढायला हवा. ‘डेटालोर’ पाहा. डेटाच्या जागी त्याचा दुष्ट भाऊ उभा आहे हे वेस्ली परोपरीने सांगतो. पिकार्ड म्हणतो, गप्प बस, वेस्ली. लगेच त्याची आईही तेच म्हणते. तेव्हा तो जे बोलतो ते मला फार महत्त्वाचं वाटतं : हेच सगळं एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याने सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं. लहान तोंडी मोठा घास म्हणून आपण कितीदा मुलांना गप्प करतो! त्या एका वाक्यात लेखकांना नेमकी नस सापडली होती.

वेस्ली म्हणजे निर्माता जीन रॉडनबेरीचं स्वतःचं स्वप्नचित्र, असंही म्हणतात. त्याचं मधलं नाव वेस्ली होतं, एवढं खरं. पण सुरुवातीच्या टिपणांत एका टप्प्यावर याच जागी लेस्ली नावाची मुलगी होती.

राहिलं ‘तो गेला आणि मालिका सुधारली’. नेहमीचं पात्र म्हणून त्याचा निरोपाचा भाग आला नोव्हेंबर १९९० मध्ये; नंतर तो अधूनमधून पाहुणा म्हणूनच दिसला. डेटाच्या माणूसपणाचा खटला मांडणारा ‘द मेझर ऑफ अ मॅन’ १९८९चा. ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ आणि ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ १९९०चे, त्याच्या निरोपाआधीचे. या तिन्ही भागांत वेस्ली आहे. पहिल्यात तर भेटवस्तूवरचा कागद जपून सोडवणाऱ्या डेटाला तो सांगतो, अरे, हा फाडायचा असतो. मालिका सुधारली ती तो जहाजावर असतानाच, लेखन सुधारलं म्हणून. आणि ज्याने हा सगळा राग झेलला तो, वेस्लीची भूमिका करणारा विल व्हीटन, मालिका सुरू झाली तेव्हा १५ वर्षांचा होता. त्याने ते संवाद लिहिले नव्हते.

निरोपाच्या त्या भागात, ‘फायनल मिशन’मध्ये, वेस्ली आणि पिकार्ड एका रखरखीत उपग्रहावर अडकतात. दगड कोसळतात तेव्हा वेस्लीला बाजूला ढकलताना पिकार्ड जखमी होतो. गुहेत शुद्ध हरपत चाललेल्या त्या माणसाजवळ मुलगा रात्रभर बसून राहतो आणि तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघतं, की इतकी वर्षं जे जे केलं, ते तुम्हाला माझा अभिमान वाटावा म्हणून केलं.