गणपतीत आमच्याकडे येणाऱ्यांसाठी, आधीच

परवा एका मुंजीच्या पंगतीत मी मुलाचा डबा उघडला. मऊ पांढरा भात, तूप-मीठ, चार पार्ले-जी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एक दिवस उपाशी ठेव गं, मुकाट्यानं खाईल."

मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. आणि हो, तो प्रयोग करून झालाय. दिवसभर त्यानं काही मागितलं नाही, संध्याकाळी स्वतःचा हात चावला. भूक लागलीय हेच त्याला उमगत नव्हतं. पोटातून येणारा इशारा अशा बऱ्याच मुलांना नीट कळत नाही, हे मला नंतर थेरपिस्टनं सांगितलं.

बिस्किटच का? कारण कुठलाही पुडा फोडा, चव तीच, कुरकुरीतपणा तोच. आपली भेंडी आज कोवळी, उद्या जून, परवा चिकट. वरणात मध्येच मोहरी दाताखाली येते. आपल्याला ती फोडणी, त्याला मऊ घासात लपलेला खडा. याला नखरे म्हणायचं असेल तर म्हणा. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात मात्र खाणं इतकं आक्रसलं की पोषणच होईना, अशा अवस्थेला स्वतंत्र निदान आहे.

दात, बद्धकोष्ठ, हिमोग्लोबिन तपासावंच लागतं. न बोलणारं मूल पोटदुखी ताट ढकलूनच सांगतं. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या मुलांचं तर अजून वेगळं. तिथे बऱ्याचदा गिळण्याचाच प्रश्न असतो, आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. "चमच्यानं कोंब" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

आमच्याकडे फरक पडला तो साध्या गोष्टींनी. पाय लोंबकळू नयेत म्हणून खुर्चीखाली पाट. जेवताना मिक्सर बंद. नवा पदार्थ ताटात नाही, बाजूच्या वाटीत. खाल्लाच पाहिजे असं नाही. गाजर तीन महिने त्या वाटीतच होतं. (सासूबाईंनी तेवढ्यात तीन वेळा हलवा केला, तोही आम्हीच संपवला.) मोबाईल दाखवून भरवणं मीही केलंय, थकल्यावर अजूनही करते.

तर गणपतीत त्याच्या पानात मोदक वाढू नका, वाफेच्या वासानं तो उठून जातो. "आईनं लाडावलंय" हे त्याच्यासमोर बोलू नका. बोलत नसला तरी त्याला ऐकू येतं. भाताचा डबा आमचा आम्ही भरू. पाट तेवढा त्याच्या खुर्चीखालचा कुणी पूजेला उचलू नका.