चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे ती माती, असं नव्हे

सध्या नागपुरात मोबाइलवर एक सल्ला फिरतोय. मोटारसायकलचं ऑइल बदलताना त्यात चमकी किंवा धातूचा कीस दिसला तर काय करायचं, याबद्दलचा. थोडक्यात तो असा: कण प्रत्येक गाडीत येतातच, लक्ष देऊ नका. चुंबक फिरवा, चिकटलं नाही तर ती माती. अर्धा लिटर डिझेल टाकून इंजिन पाच मिनिटं चालवा, सगळं धुऊन निघतं. मग आपल्याकडच्या उन्हाला साजेसं २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरा, कीस पुन्हा येणार नाही.

यातली पहिली गोष्ट निम्मी खरी आहे. उरलेल्या तीन ऐकल्या तर गाडीचं नुकसान होतं.

‘कण येतातच.’ नव्या गाडीत येतातच. पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरमध्ये रिंगा, सिलिंडर, गिअरचे दात एकमेकांवर बसतात, आणि पहिल्या सर्व्हिसला ऑइल उन्हात धरलं तर त्यात मोत्यासारखी झाक दिसते. जुन्या गाडीतही ऑइल काढायच्या चुंबक असलेल्या बोल्टवर, म्हणजे ड्रेन बोल्टवर, काजळासारखी राखाडी लुगदी जमते. ती चिमटीत घेऊन चोळा. मऊ लागली तर बोल्ट पुसून पुढच्या कामाला लागा. पण बोटाला टोचलं, खडा लागला किंवा नखाने उचलता येईल असा तुकडा निघाला, तर त्याला ‘येतातच’ म्हणून सोडून देता येत नाही. २०,००० किलोमीटर झालेल्या गाडीत अचानक चमकी वाढली, तर तिलाही हेच लागू.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो, कारण यानेच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. ड्रेन बोल्टच्या आट्यांत स्प्रिंगसारखी पिळलेली, चकचकीत ॲल्युमिनियमची तार निघते. ती इंजिनाच्या आतली नसते. बोल्ट वारंवार गरजेपेक्षा जास्त आवळल्याने केसिंगचे आटे सोलून निघालेले असतात. बेअरिंगला काही झालेलं नसतं, आटे दुरुस्त करून घ्या आणि वायसर दर वेळी नवा टाका.

चुंबकाचा मुद्दा सगळ्यात घातक. पिस्टन, हेड, केसिंग, क्लचची बास्केट ही सगळी ॲल्युमिनियमची असतात, बुश पितळी किंवा तांबूस असतात. यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे या सल्ल्याप्रमाणे घासलेल्या पिस्टनची पूड माती ठरते! चुंबकाने फक्त लोखंड वेगळं होतं, आणि ते वेगळं झालं की खरी तपासणी सुरू होते.

त्यासाठी गाडी पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, उकळतं नको. मेन स्टँडवर लावा आणि पांढऱ्या सुती कापडातून स्वच्छ टबात गाळून घ्या. कापडावर राहिलेला कीस मोबाइलच्या टॉर्चखाली पाहा. लोखंडी तुकड्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी तुटलेली, टोकदार असेल, तर संशय गिअरच्या डॉगवर, म्हणजे गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या बाजूच्या दातांवर. अशी गाडी बहुतेक वेळा जोर दिला की एखाद्या ठरावीक गिअरमधून निसटते. पातळ पापुद्रा, एका अंगाने आरशासारखा आणि दुसऱ्या अंगाने खड्ड्याखड्ड्यांचा, ही बेअरिंगची सालपटं. सोबत खालून ठकठक येत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत टाका. चुंबकाला न चिकटणारा तुकडा ब्लेडने दाबून पाहा: ॲल्युमिनियमवर चकचकीत ओरखडा उठतो, टायमिंग चेनच्या गाइडचं प्लास्टिक सोलतं, गास्केटवरचं सिलिकॉन रबरासारखं दबून परत येतं. तपकिरी-काळा भुसा असेल तर तो क्लच प्लेटचा.

फिल्टर फेकू नका. कागदी असेल तर ब्लेडने कापून घड्या उलगडा, जड कण ऑइलपेक्षा तिथेच जास्त सापडतात. स्प्लेंडरसारख्या १०० सीसी गाड्यांत कागदी फिल्टर नसतो; जाळी आणि फिरता सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, तो क्लच कव्हर उघडल्याशिवाय दिसत नाही.

आता डिझेल. बेअरिंग, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आणि पिस्टन ऑइलच्या थरावर चालतात, आणि डिझेलचा थर तो भार पेलण्याइतका जाड नसतो. म्हणजे धुताना नवा कीस तयार होतो. तळाशी बसलेला गाळ सुटून पंपाकडे जातो, बारीक कण जाळीतून निघून वर कॅमपर्यंत पोचतात. बोल्ट काढला तरी थोडं डिझेल क्लचमध्ये आणि केसिंगच्या कोपऱ्यांत उरतं आणि नवं ऑइल पातळ करतं. शिवाय कीस कुठून आला हे सांगणारा पुरावाच वाहून जातो, ते वेगळंच. तुकडे बारीक असतील आणि आवाज नसेल, तर कंपनीने सांगितलेलं नवं ऑइल, नवा फिल्टर टाका, ३०० ते ५०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा गाळून पाहा. कीस कमी झाला की वाढला, यावरूनच पुढचं ठरतं.

२०डब्ल्यू-५० वाईट नाही. बजाजच्या बऱ्याच पल्सरना तेच सांगितलेलं आहे. पण हिरो आणि होंडाच्या बहुतेक गाड्या त्याहून पातळ १०डब्ल्यू-३० साठी बनलेल्या आहेत. तिथे जाड ऑइल सकाळी सुरू करताना वर पोचायला उशीर लावतं, आणि झिजलेला डॉग काही त्याने भरून येत नाही. आवाज मात्र दबतो, आणि मालकाला वाटतं गाडी सुधारली. कारचं ऑइल तर टाकूच नका. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण पाहून घ्या.

नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ऑइल किती जाड यापेक्षा ते किती उरलंय, हे जास्त महत्त्वाचं. लहान गाडीत असतंच पाऊण ते एक लिटर. त्यातलं पाव लिटर जळलं तरी तिसरा-चौथा हिस्सा गेला. दर पंधरा दिवसांनी ऑइल मोजायची काडी पाहा. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेतून किंवा खोदकामाच्या धुळीतून रोज जात असाल, तर एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरच्या आधीच उघडा. फाटक्या फिल्टरमधून गेलेली राख रिंगा आणि सिलिंडर खाते, आणि तीच झीज पुढे ऑइलमध्ये उतरते.

निघालेले तुकडे पुसून छोट्या डबीत ठेवा, वर तारीख आणि किलोमीटर लिहा आणि मिस्त्रीला दाखवा. सगळं इंजिन खोलण्याआधी फक्त क्लच कव्हर उघडायला सांगा. क्लच, जाळी आणि पंप तिथूनच दिसतात, इंजिन चेसिसमधून उतरवावं लागत नाही. खर्च एका गास्केटचा आणि ऑइलचा. डॉग किंवा क्रँकचं बेअरिंग खराब निघालं, तरच केसिंग खोलायचं.