भाडं हप्ता भरतं का? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही आकडे मांडून आक्षेप घेतलात, म्हणून उत्तरही आकड्यांनीच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पिंपरी-चिंचवडमध्ये ६० लाखांचा रीसेल फ्लॅट घ्यायचा, ४८ लाख कर्ज काढायचं, कमी पडणारे ६ लाख पर्सनल लोनमधून उभे करायचे. महिना २० हजार भाडं आणि करातली २ लाखांची सूट मिळून हप्ता जवळपास सुटतो, आणि भाड्यातून हप्ता सुटत नाही असं सांगणारा माझा लेख लोकांना उगाच घाबरवतो.

आधी तुमचा बरोबर असलेला मुद्दा. लेखात मी सगळाच्या सगळा हप्ता खर्च म्हणून धरला, ते चुकलं. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी ४८ लाखांचा हप्ता ४१,६५५ रुपये येतो. त्यातलं पहिल्या महिन्याचं व्याज ३४,००० आणि मुद्दल ७,६५५. मुद्दल तुमच्याच घरात जातं, तो तोटा नव्हे. लेखात ही दुरुस्ती करतो.

पण भाडंही पूर्ण धरून चालत नाही. २० हजारांतून सोसायटीचा मेंटेनन्स ३,००० (तो बहुतेक मालकच भरतो), मिळकतकराचे महिना १,००० आणि वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहणार म्हणून १,६६७ वजा करा. हातात १४,३३३ उरतात. एजंटची दलाली, रंगकाम आणि भाडेकराराची नोंदणी यात धरलेलीच नाही. म्हणजे फक्त व्याजाच्या तुलनेतही दरमहा १९,६६७ कमी पडतात आणि खिशातून प्रत्यक्ष सुमारे २७,३०० जातात. वर्षाचा तोटा २ लाख ३६ हजार. शिवाय होमलोनखेरीज गुंतलेले १८ लाख (पर्सनल लोन तूर्त बाजूला ठेवून सगळे स्वतःचे धरू) ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर १ लाख २६ हजार मिळाले असते. दोन्ही मिळून ३ लाख ६२ हजार, म्हणजे ६० लाखांवर ६ टक्के. सुरुवातीच्या वर्षांत फ्लॅटची किंमत दरसाल ६ टक्के वाढली तर तुम्ही जेमतेम बरोबरीत येता, आणि विकताना नफ्यावर साडेबारा टक्के कर वेगळा. पुढे भाडं वाढतं, व्याज घटतं, चित्र सुधारतं. पण तिथवर टिकायला हवं.

हे १८ लाख कुठून आले? किमतीचे २० टक्के म्हणजे १२ लाख, शिवाय ६० लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार, उरलेले दलाली, प्रोसेसिंग फी आणि सोसायटीच्या हस्तांतरणात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीला एवढ्या किमतीच्या घरासाठी बँक कर्ज देत नाही. कर्ज मोजताना हा खर्च घराच्या किमतीत धरायचाच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता कर. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाच्या वजावटीला मर्यादा नाही हे खरं, पण भाड्याहून व्याज जास्त झाल्याने होणारा तोटा पगारातून वजा करायला २ लाखांची मर्यादा आहे आणि तीही फक्त जुन्या करप्रणालीत. तुमच्या उदाहरणात भाड्यावरची ३० टक्के प्रमाणित वजावट धरून पहिल्या वर्षी करासाठीचा तोटा सुमारे २ लाख ५९ हजार. सर्वात वरच्या टप्प्यात २ लाखांवर उपकरासह ६२,४०० रुपये वाचतील. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण तो फक्त घराच्या उत्पन्नातूनच वळता होतो. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजाही होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. तिथे तुमचा फायदा एवढाच की भाड्यावर कर लागत नाही. हा फ्लॅट घेण्यासाठी जुन्या प्रणालीत राहणार असाल, तर दोन्हीकडचा एकूण कर आधी मांडून बघा. ६२,४०० वाचवायला त्याहून जास्त भरावा लागत असेल तर ती सूट कसली?

पर्सनल लोनचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. ६ लाख, १२ टक्के, ५ वर्षं: हप्ता १३,३४७. बँक तुमची पात्रता ठरवताना सगळ्या हप्त्यांची बेरीज करून ती निव्वळ पगाराच्या साधारण निम्म्याच्या आसपास बसते का ते पाहते. १३,३४७ तिकडे गेले की होमलोनची पात्रता १५ लाखांहून जास्त रकमेने घटते. डाउन पेमेंटचे ६ लाख मिळवायला १५ लाखांचं कर्ज घालवायचं, असा हा व्यवहार. पर्सनल लोन लपवून चालत नाही, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात दिसतंच. भाडं दाखवून पात्रता वाढवू म्हणाल तर बहुतेक बँका नोंदणीकृत भाडेकरार आणि खात्यात जमा झालेलं भाडं मागतात, आणि तेही सगळं धरत नाहीत.

रीसेलमध्ये आणखी एक खड्डा आहे. करारात किंमत ६० लाख असली तरी बँकेचा मूल्यांकक ५५ लाख लिहू शकतो, आणि कर्ज दोन्हींतल्या कमी रकमेवर मिळतं. ५५ चे ८० टक्के ४४ लाख. म्हणजे आणखी ४ लाख रोख हवेत, आणि तोवर इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) दिलेला असतो. म्हणून इसारपावतीतच लिहून घ्या की अमुक रकमेचं कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत मिळेल. विकणारा कुरकुर करेल. तरीही आग्रह सोडू नका.

व्याजदर वाढला तर काय, हे तुम्ही धरलंच नाही. दर एक टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच ठेवला तर २० वर्षांचं कर्ज जवळजवळ २६ वर्षांवर जातं. मुदत तीच ठेवली तर हप्ता ४४,७४२ होतो. दर बदलल्यावर यातलं काय करायचं हे निवडायची मुभा बँकेने कर्जदाराला द्यायची असते. तेव्हा लेखी अर्ज देऊन हप्ता वाढवून घ्या.

कर्ज काढूच नका असं माझं म्हणणं नाही. हाच फ्लॅट ३० लाखांच्या कर्जावर घेतलात तर पहिलं व्याज २१,२५० आणि तूट दरमहा सात हजारांच्या आत येते. ती पेलवते. वैयक्तिक फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) होमलोनवर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे बोनसमधून मुद्दल कमी करत राहता येतं. आणि बारा हप्त्यांची रक्कम वेगळ्या ठेवीत असल्याशिवाय इसार देऊ नका. तुमचा निव्वळ पगार आणि चालू हप्ते कळवलेत तर या मांडणीत तुमचे आकडे घालून देतो.