बोट जात नाही तिथे पॉलिश

गाडीला बाहेरून पॉलिश करणं म्हणजे पोळीला तूप लावणं. हात फिरला की झालं. बॉनेट उघडून आतला रंग चमकवायचा म्हणजे मात्र सोऱ्या आतून घासायचा. बाहेरच्या अख्ख्या बॉनेटला तास लागत असेल, तर आतल्या दोन स्ट्रट टॉवरना, म्हणजे सस्पेन्शनची टोकं जिथे वर येतात त्या दोन उंचवट्यांना, मी अर्धा दिवस धरतो. त्यांचा पुढचा भाग सहज हाताखाली येतो. मागे, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या बाजूला, तीन बोटांची फट असते आणि गाडीतली सगळी घाण तिथेच बिऱ्हाड करून असते.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम पत्र्यावर क्लीनर क्षणात वाळतो आणि डाग ठेवून जातो. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची, अंगठी आणि कडं काढून ठेवायचं. कडं चुकून पॉझिटिव्ह टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यात अडकलं, तर मनगटावरच वेल्डिंगचं काम निघतं. अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स आणि हवेच्या नळीचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकायचं. प्रेशर वॉशर माळ्यावरच राहू द्या. एक भाग ऑल पर्पज क्लीनर, दहा भाग पाणी, मऊ ब्रश आणि ओलं फडकं पुरतं. वायपरखालच्या जाळीतली कुजलेली पानं आणि उंदराने प्रेमाने जमवलेला कापूस आधी बाहेर काढा. हे टाळलं तर वाळूचे कण पॅडमध्ये बसतात आणि ओरखडे जायच्या ऐवजी नव्या ओरखड्यांची रांगोळी निघते.

आता खरी मेख. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, अगदी पातळ मारलेला असतो, काहींत मुळीच नसतो. लाल गाडीचं पॅड दोन फेऱ्यांत लाल झालं, तर ती चमक नव्हे, तो रंगच निघून येतोय. म्हणून इथे कटिंग कंपाउंडचं, म्हणजे वरचा थर खरवडणाऱ्या जाड पॉलिशचं, नावही काढायचं नाही. मऊ फोम, बारीक फिनिशिंग पॉलिश आणि ओरखडे शंभर टक्के जाणार नाहीत हे मान्य करण्याचा मोठेपणा.

नेहमीचं मशीन आत शिरतच नाही. एक इंची पॅडचं, लांब दांडीचं छोटं मशीन शिरतं, पण ते दिसतं तेवढं गरीब नाही. सगळी उष्णता नाण्याएवढ्या जागेत साठते आणि पत्र्याच्या धारेवर रंग जळतो. धारांवर आणि सांध्यातल्या सीलरवर मास्किंग टेप, वेग सगळ्यात कमी, पॉलिश मटाराच्या अर्ध्या दाण्याएवढं. जास्त घेतलं तर ते सांध्यात घुसून पांढरं वाळतं आणि पुढे दोन दिवस टूथब्रश घेऊन ते उकरत बसावं लागतं.

मशीन संपतं तिथून कला सुरू होते. आइस्क्रीमच्या चपट्या काडीला मायक्रोफायबर गुंडाळून रबरबँड लावला की अरुंद फटीचं काम भागतं. टॉवरच्या मागच्या अंगाला मात्र माझा भरवसा एकाच युक्तीवर. मायक्रोफायबरची हातभर पट्टी मागून ओवायची, मधल्या भागाला पॉलिश लावायचं आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी. लोणी येत नाही, पण पाच मिनिटांत पट्टी काळी होते आणि पत्रा उजळतो. बोटांनी चाचपून खात्री करायची, कारण डोळ्यांना ती जागा दिसतच नाही.

काही ठिकाणी हात जोडावेत. ब्रेक ऑइलच्या टाकीखालचा रंग सायीसारखा सुरकुतला असेल, तर ते सांडलेल्या ब्रेक ऑइलचं काम. तिथे पॉलिश नाही, नवा रंग लागतो. बॅटरीखालची पांढरी भुकटी आधी कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून मारावी. पत्र्यावर कोरलेल्या चेसिस नंबरला तर बोटही लावू नये. गाडी विकताना आरटीओच्या कागदांवर त्याचा पेन्सिल प्रिंट घ्यावा लागतो. फेंडरच्या बोल्टांचा रंगही घासून उडवायचा नाही. जुन्या गाडीचं गिऱ्हाईक आधी तेच बघतं आणि ‘ठोकलेली दिसते’ म्हणत भाव पाडतं.

शेवटी चमक टिकवायला सिंथेटिक सीलंटचा, म्हणजे रंगावर बसणाऱ्या संरक्षक थराचा, पातळ हात. कार्नोबा मेण 82 ते 86 अंशांना वितळतं, इंजिनाशेजारी त्याला कशाला बसवायचं?

एवढं करून ही चमक बघणारे दोघंच, उंदीर आणि मेकॅनिक. मेकॅनिक सर्व्हिसिंगला बॉनेट उघडतो आणि सवयीने तेलकट पाना टॉवरवर ठेवतो. नेहमी तिथे टिकणारा पाना आता सरकतो आणि मागच्या तीन बोटांच्या फटीत जाऊन पडतो. मग तो मान वर करून विचारतो, “साहेब, इथं काय लावलंय?”