लेकीची हेल्पलाइन, तिचं गाणं आणि सरांची हरकत

सर, लेकीच्या हेल्पलाइनच्या कामावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. '16 वर्षांच्या मुलीला जीव द्यायला निघालेल्या पोरांचे फोन घ्यायला बसवता, गाणं मागे पडतं आणि वर त्याला स्वतःचा शोध म्हणता. हे तज्ज्ञांचं काम आहे.' जन्मभर वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाने लिहिलंय, तेव्हा दोन ओळींत उरकणं बरं नाही.

आधी गाणं, कारण तिथे तुमचं खरं आहे. यंदा लेक गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्ण या गाण्याच्या परीक्षेला बसली नाही. क्लास आणि हेल्पलाइनची पाळी दोन्ही मंगळवारीच, त्यात तीन महिने क्लासच बुडाला. 'दोन्हीचा छान मेळ बसलाय' असं मी मागच्या लेखात लिहिलं, ते रंगवून लिहिलं. दुसऱ्यांचं ऐकून गाण्याची समज वाढली वगैरेही काही नाही. यमनच्या ताना होत्या तिथेच आहेत. आता तिने गुरुवारची पाळी मागितली आहे, बघू.

पण 'फोन घ्यायला बसवता' यातून डोळ्यांपुढे येतं तसं ते नाही. इथे अमेरिकेत, ऑरेगनमध्ये, यूथलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर दुपारी 4 ते रात्री 10 मुलंमुली असतात, बाकीच्या वेळी मोठी माणसं. त्या सहा तासांतही जाणती माणसं पाठीशी असतातच, जिवाचा धोका वाटला की ती पुढे होतात. बरीच मुलं बोलतही नाहीत, मेसेज करतात: मैत्रिणीने तोडलं, घरात भांडणं, झोप नाही. सल्ला द्यायचा नाही, हे आधी शिकवतात. शंका आली तर 'आत्महत्येचा विचार येतोय का?' असं सरळ विचारायचं. हे ऐकून मीच दचकले होते, नसतं खूळ डोक्यात भरवायचं का? पण विचारल्याने विचार रुजत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते, असं या क्षेत्रातले लोक अभ्यासाअंती सांगतात.

आणि तज्ज्ञांचं म्हणाल तर चॅड व्हारा या पाद्र्याची गोष्ट ऐका. 1935 साली त्यांनी एका 14 वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. मासिक पाळी आली, तिला वाटलं गुप्तरोग झाला. विचारायला कुणी नव्हतं, तिने जीव दिला. 1953 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हेल्पलाइन सुरू केली. लोक भेटायलाही येत. ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला साधी माणसं ठेवली होती. त्यांच्याशी बोलूनच कित्येक जण हलके व्हायचे, पाद्रीबुवांना भेटायची गरजच उरायची नाही. समॅरिटन्स या त्यांच्या हेल्पलाइनचे स्वयंसेवक तिथूनच आले. माझी लेक त्या चहावाल्यांपैकी. डॉक्टरच्या खुर्चीत तिला कुणी बसवलेलं नाही.

राहिला स्वतःचा शोध. शब्द मोठा झाला, मान्य. झालं एवढंच, की तिला मानसशास्त्र शिकायचं होतं, आता नको म्हणते. समोरचा गप्प बसला की तिला राहवत नाही, उपाय सुचवायची घाई होते. 'आई, हे तुझ्यावर गेलंय,' म्हणाली. मला काही बोलता आलं नाही.

'आमच्या वेळी कुठे होत्या हेल्पलाइनी?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. नव्हत्या. माझ्या दहावीच्या वर्गातला एक मुलगा निकालानंतर परत दिसला नाही आणि शाळेत कुणी त्याचं नावही काढलं नाही. आता भारतात 2022 पासून सरकारचं टेली-मानस आहे, 14416, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. तुमच्याकडे अजून शिकवणीला मुलं येतात ना? नंबर तेवढा तिथे भिंतीवर लावाल का?